हत्ता : रुमालाखाली ठरणारा भाव

बैलबाजारात खरा भाव कानावर पडत नाही. मोठ्याने बोलली जाते ती सांगायची किंमत. "बैल सांगता किती अन् देता किती?" असे गिऱ्हाईक विचारते, तेव्हा सांगण्यात आणि देण्यात अंतर असणार हे दोघांनीही धरलेले असते. मग जनावराची पारख सुरू होते. तोंड उघडून दात पाहतात : आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळला आहे. खांदा चाचपतात, खूर पाहतात, दोन पावले चालवून बघतात. इथवर सगळे चारचौघांत चालते. त्यानंतर मध्यस्थ खांद्यावरचे उपरणे किंवा पंचा काढतो, मालकाच्या हातावर टाकतो, त्याखाली आपला हात घालतो आणि बोलणे थांबते. बोटे दाबली जातात, मान हलते, हात सुटतात आणि पुन्हा धरले जातात. भोवती माणसांचे कोंडाळे असते, पण आकडा फक्त त्या दोन हातांना माहीत असतो.

भाव ठरवण्याच्या या पद्धतीला आपल्याकडे 'हत्ता' म्हणतात. शब्द उघडच हाताशी नाते सांगणारा आहे. कृषी अर्थशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत विक्रीच्या पद्धतींची यादी असते. तिच्यात उघडा लिलाव, खाजगी वाटाघाटी, नमुन्यावरून विक्री यांच्या शेजारी 'हत्ता पद्धत' हा शब्द येतो आणि पुढे 'कायद्याने बंद' अशी एका ओळीत त्याची बोळवण होते. ही बोळवण मला अपुरी वाटते. या शब्दामागे निदान पाचशे वर्षांची नोंदलेली व्यापारी रीत आहे, एक गुप्त अंकलिपी आहे, आणि शेतकऱ्याच्या मालाचा भाव नेमका कोण ठरवतो या प्रश्नाचा दीडशे वर्षांचा इतिहासही आहे. लासलगावचा कांदा, सांगलीची हळद, विदर्भातला कापूस यांच्या भावावरून आज जे वाद होतात, त्यांचे मूळ समजून घ्यायचे तर या रुमालापासून सुरुवात करावी लागते.

बोटांचे गणित

सोळाव्या शतकाच्या आरंभी लुडोविको दि वार्थेमा हा बोलोन्याचा प्रवासी मलबार किनाऱ्यावर कालिकतला आला. १५१० साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात तिथल्या व्यापाऱ्यांच्या एका रिवाजाची नोंद आहे. घाऊक मालाची खरेदी-विक्री नेहमी दलालामार्फत होई. सगळे गोलाकार उभे राहत. दलाल एका हातात फडके धरी, दुसऱ्या हाताने विकणाऱ्याची बोटे पकडी आणि त्यावर फडके टाकी. बोटांच्या स्पर्शाने एकापासून लाखापर्यंतचा आकडा तोंडातून शब्द न काढता सांगितला जाई. मग तोच दलाल खरेदीदाराकडे जाऊन तेच करी. सौदा जुळेपर्यंत त्याच्या अशा फेऱ्या चालत.

पुढच्या शतकात ज्याँ-बाप्तिस्त ताव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या गोवळकोंडा राज्यातल्या आणि दख्खनमधल्या हिऱ्यांच्या खाणींवर अनेकदा आला. १६७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात बोटांचा सगळा हिशेबच दिला आहे. दोघे व्यापारी समोरासमोर बसत. एक जण कमरेचे वस्त्र सोडून हात झाकी. अख्खा हात धरला की हजार. जितक्या वेळा दाबावा तितके हजार. पाचही बोटे धरली की पाचशे. एकच बोट म्हणजे शंभर. मधल्या पेरापर्यंत अर्धे बोट धरले तर पन्नास, आणि बोटाचे टोक म्हणजे दहा. या हिशेबाने तेराशे साठ सांगायचे असतील, तर अख्खा हात एकदा, एक बोट तीनदा, अर्धे बोट एकदा आणि टोक एकदा धरायचे. ना डोळ्यांची खूण, ना ओठांची हालचाल. एकाच बैठकीत, इतर लोक बसलेले असताना, हिऱ्यांची एक पुडी पाच-सहा वेळा विकली जाई आणि दर वेळी ती कितीला गेली हे बाजूच्यांना कळत नसे, असे ताव्हर्निएने लिहून ठेवले आहे.

या दोन नोंदींमध्ये दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. एक समुद्रकिनाऱ्यावरची, दुसरी दख्खनच्या पठारावरची. एकीकडे घाऊक माल, दुसरीकडे हिरे. तरी रीत एकच. आजच्या बैलबाजारातही तिचा सांगाडा बदललेला नाही. बोटांचा अर्थ मात्र बाजारागणिक थोडा निराळा असतो, आणि एका बोटाचे मोल जनावर पाहून ठरते. शेळीच्या सौद्यात आणि खिलार बैलजोडीच्या सौद्यात एकच बोट धरले, तरी ते शंभराचे की हजाराचे की दहा हजारांचे हे दोघांना आधीच ठाऊक असते. म्हणून हत्ता नवख्याला जमत नाही. बोटांची खूण तासाभरात शिकता येते. पण समोरच्या जनावराचे मोल कितीच्या घरात आहे हे ज्याला माहीत नाही, त्याला बोटांतला आकडा कळूनही कळत नाही.

सौदा जुळला की रुमाल निघतो, टाळी दिली जाते, विसार हातावर ठेवला जातो. विकलेल्या जनावराच्या पाठीवर गुलाल पडतो. अनेक भागांत मालक जनावर देतो, पण त्याचे दावे देत नाही. घेणाऱ्याने आपले नवे दावे आणायचे. हत्त्याच्या गुप्ततेनंतर येणारा हा सगळा भाग मुद्दाम उघड्यावर केला जातो, कारण भाव झाकलेला असला तरी मालकी बदलल्याला चार साक्षीदार लागतात.

नंदभाषा

हात झाकून आकडा सांगता येतो, तसा तो शब्दांत झाकूनही सांगता येतो. महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी एक स्वतंत्र अंकभाषा वापरली. तिचे नाव नंदभाषा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात तिची नोंद आहे. या भाषेत एक म्हणजे केवली, दोन अवारू, तीन उधानू, चार पोकू, पाच मुळू, सहा शेली, सात पवित्रू, आठ मंगी, नऊ तेवसू आणि दहा अंगुळू. वीस म्हणजे काटी, शंभर म्हणजे बिट्टी, हजार म्हणजे ढकार. रुपयाला भुरका आणि आण्याला फाटा. दुकानात गिऱ्हाईक उभे असताना मालकाने गुमास्त्याला 'मुळू भुरके' सांगितले, तर पाच रुपयांच्या खाली उतरू नकोस हा निरोप गिऱ्हाइकासमोर आणि तरीही त्याच्या नकळत पोचे.

ही भाषा किती जुनी? नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावावर असलेल्या एका अभंगात शंकराची पाच मुखे, तीन डोळे आणि दहा हात हे आकडे नंदभाषेत सांगितले आहेत. परंपरा विसोबांना 'विसोबा चाटी' म्हणूनही ओळखते, आणि चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. अभंगाच्या कर्तृत्वाचा प्रश्न अभ्यासकांवर सोडला तरी एक गोष्ट स्पष्ट दिसते : व्यापाऱ्यांचे हे सांकेतिक आकडे अभंगात आले आणि जपून ठेवले गेले, इतके ते लोकांच्या ओळखीचे होते. पेठेतली गुप्त भाषा भक्तीच्या भाषेत जाऊन बसली याचे मला मोठे अप्रूप वाटते. बाजार आणि वारी ही एकाच समाजाची दोन अंगे होती, याचा हा पुरावा आहे.

बाजाराच्या बाकीच्या शब्दांची घडणही पाहण्यासारखी आहे. 'सौदा' फारसीतून आला, 'दलाल' अरबीतून, 'लिलाव' पोर्तुगीजांकडून. विदर्भात लिलावाला अजूनही 'हर्रास' म्हणतात. 'घासाघीस' मात्र घासण्यावरून घडलेला आपला घरचा शब्द. भाव ठरवण्याचे काम महाराष्ट्रात अनेक भाषांच्या माणसांनी मिळून केले आणि प्रत्येकाने आपापला शब्द मागे ठेवला. ज्या बाजारात माणसांची भाषा एक नाही, तिथे बोटांनी सांगितलेला आकडा सर्वांना सारखाच कळतो. कालिकतसारख्या बंदरात हत्ता रुजण्याचे हेही एक कारण असले पाहिजे.

रुमाल कशासाठी?

गुप्तता म्हटली की लबाडीचा वास येतो. पण एक रीत शतकानुशतके टिकते ती केवळ लबाडीवर टिकत नाही. हत्त्याचे काही खरे उपयोग आहेत.

पहिला उपयोग मान राखण्याचा. उघड्यावर बैल ऐंशी हजाराला सांगितला आणि मालकाने साठाला दिला, तर गावात चर्चा मालकाच्या नडीची होते. मुलीचे लग्न आहे की सावकाराचा तगादा आहे, याचे तर्क लढवले जातात. रुमालाखाली किंमत कमी केली तर ती दोघांतच राहते. घेणाऱ्यालाही तेच. त्याने किती पैसे कमरेला लावून आणले आहेत हे बाजाराला कळले नाही, तर पुढच्या जनावराचा मालक त्याला अडवून धरत नाही.

दुसरा उपयोग पुढच्या सौद्याचा. बाजारात 'भाव फुटणे' नावाची गोष्ट असते. सकाळचा पहिला मोठा सौदा कितीला झाला हे कळले की दिवसभर सगळे त्याच आकड्याला धरून बोलतात. पण प्रत्येक बैल वेगळा असतो. एकाचा खांदा चांगला, दुसऱ्याची चाल. एक औताला तयार, दुसरा अजून शिकायचा. प्रत्येकाचा भाव वेगळा ठरावा यासाठी आधीचा भाव फुटू न देणे सोयीचे असते.

तिसरा उपयोग भांडण टाळण्याचा. मध्यस्थ दोन्ही बाजूंचे आकडे जाणतो. अंतर फार असेल तर तो ते बोलून दाखवत नाही. एकाला थोडे चढवतो, दुसऱ्याला थोडे उतरवतो. समोरासमोर आकडे फेकले असते तर जे चिडून उठून गेले असते, ते रुमालाच्या आडोशाने जवळ येतात. बैलबाजारातला चांगला हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, हे काम कसबाने करतो, आणि त्याची दलाली ही या कसबाची मजुरी असते.

हे तिन्ही उपयोग एका अटीवर खरे ठरतात. रुमालाखाली मालकाचा स्वतःचा हात असला पाहिजे. बैलाचा मालक बाजारात उभा असतो, बैल त्याने वाढवलेला असतो, त्याचे मोल तो जाणतो, आणि आकडा पटला नाही तर दावे धरून घरी जायला तो मोकळा असतो. अशा दोघा जाणत्यांतला गुप्त सौदा ही घासाघीसच आहे, फक्त मुकी.

मालकाचा हात बाहेर

शेतमालाच्या बाजारात हीच अट मोडली. तिथे हत्ता चालला तो अडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल, आणि खरेदीदार यांच्यात. शेतकरी पहाटे गाडी घेऊन पेठेत येई. त्याचा माल ज्या अडत्याच्या दारात उतरे, त्याच्याकडून त्याने बहुधा पेरणीच्या वेळी उचल घेतलेली असे. म्हणजे माल कुठे उतरवायचा हे आधीच ठरलेले. खरेदीदार एकेक करून येत, नमुना पाहत, अडत्याच्या हाताशी रुमालाखाली बोलत आणि जात. अखेरीस अडत्या शेतकऱ्याला भाव सांगे. कोणी किती देऊ केले होते, सर्वांत वरचा आकडा कोणता होता, तो का नाकारला, हे शेतकऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

यात अडत्याच्या वैयक्तिक चांगुलपणाचा प्रश्न दुय्यम होता. अडत्या आणि खरेदीदार रोज भेटत, एकमेकांना उधार देत-घेत, एकाच पेठेत राहत. शेतकरी वर्षातून एकदा-दोनदा येई. ज्याच्याशी रोजचा व्यवहार त्याला दुखवायचे नाही, हा माणसाचा स्वभाव आहे. गुप्त पद्धतीने या स्वभावाला आडोसा दिला. शिवाय बैलाच्या बाबतीत जी सबब खरी होती ती इथे लागू नव्हती. कापूस, ज्वारी, हरभरा यांची प्रत ठरवता येते. एकाच प्रतीच्या दोन गाड्यांना दोन भाव मिळण्याचे कारण नाही. भाव फुटला असता तर शेतकऱ्याचा फायदाच झाला असता.

भाव ठरल्यावर कपात सुरू होई. हमाली, तोलाई, मापाई, नमुन्यासाठी काढलेली मूठ, मातेऱ्यापोटी घट, वजनातला कडता, धर्मादाय, गोरक्षण, पाणपोई. यांतल्या काही रकमा खऱ्या कामाच्या होत्या. काही पुण्याच्या नावाखाली होत्या, पण पुण्य करणारा आणि पैसे देणारा वेगळा होता. झाकलेला भाव आणि वजावटींची लांब यादी या दोन गोष्टी एकमेकींना धरून राहिल्या, कारण मूळ आकडाच माहीत नसेल तर किती कापले गेले हे मोजणार कशाच्या आधारावर?

या व्यवस्थेला पहिला कायदेशीर धक्का बसला तो वऱ्हाडात. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि इंग्रज गिरणीमालकांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. रेल्वे आली, खामगाव-अकोल्याच्या कापूसबाजारांना मोठे महत्त्व आले. कापूस भेसळ नसलेला, रास्त भावाने आणि सुरळीत मिळावा ही परदेशी खरेदीदारांची गरज होती. १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशाने कारंजा येथे नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला. देशातला हा पहिला नियंत्रित शेतमाल बाजार मानला जातो. आज हे कारंजा वाशिम जिल्ह्यात आहे. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. पहिले नियम झाले ते बाहेरच्या गिरण्यांच्या सोयीसाठी, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. तरी ठरलेली जागा, ठरलेले वजन आणि नोंदलेले दलाल या गोष्टी शेतकऱ्यासमोर प्रथमच आल्या.

मुंबई इलाख्याने १९२७ साली कापूसबाजाराचा कायदा केला. १९२६ मध्ये नेमलेल्या शाही कृषी आयोगाचे अध्यक्ष लॉर्ड लिनलिथगो होते. १९२८ च्या अहवालात आयोगाने शेतमालाच्या बाजारातल्या गैरप्रथांवर बोट ठेवले : खोटी वजने, मनमानी कपाती, दोन्ही बाजूंचे काम करणारा दलाल, आणि मालकाला अंधारात ठेवून होणारे सौदे. वऱ्हाडच्या धर्तीवर देशभर नियंत्रित बाजार उभारावेत अशी शिफारस आयोगाने केली. १९३९ साली मुंबई इलाख्यात शेतमाल बाजार कायदा झाला, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा आला. आजच्या बाजार समित्या याच कायद्याखाली चालतात. गुप्त खुणांनी किंवा गुप्त बोलीने भाव ठरवायचा नाही, ठरलेल्या भावातून परवानगीशिवाय काही कापायचे नाही, आणि मालाचे पैसे त्याच दिवशी चुकते करायचे, ही या नियमनाची मूळ सूत्रे आहेत. हत्त्यावरच्या बंदीमागे एवढा मोठा प्रवास आहे.

उघडा लिलाव, उरलेले झाकण

लासलगावच्या आवारात कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. बाजार समितीचा माणूस पुढे, त्याच्या भोवती खरेदीदार, आणि वाहनाजवळ शेतकरी उभा. बोली मोठ्याने होते, क्विंटलमागे रुपयांनी चढते, शेवटची बोली लागली की पावतीवर आकडा पडतो आणि घोळका पुढच्या ट्रॅक्टरकडे सरकतो. एका वाहनाला मिळणारा वेळ थोडा असतो, पण तेवढ्या वेळात जे घडते ते मालकाच्या डोळ्यांसमोर आणि कानांसमोर घडते. कोल्हापुरात गुळाचे सौदे होतात, दिवाळीच्या पाडव्याला त्यांचा मुहूर्त असतो. सांगलीत हळदीचे सौदे होतात. पद्धतींत फरक असला, तरी बोली ऐकू आली पाहिजे हे तत्त्व सगळीकडे एकच.

हा बदल लहान समजू नये. ज्याच्या आजोबांना भाव नुसता सांगितला जाई, त्याच्यासमोर तो आज बोलला जातो. भाव पटला नाही तर माल न देण्याचा हक्क त्याला आहे. शेजारच्या ट्रॅक्टरला काय मिळाले हे त्याला माहीत असते.

पण रुमाल निघाल्याने सगळे झाकण निघाले असे झाले नाही. भाव लपवण्याच्या जागा बदलल्या. पहिली जागा खरेदीदारांच्या संख्येत आहे. घोळक्यात दहा माणसे दिसली तरी खरी बोली दोघे-तिघेच लावत असतील, आणि त्यांचे आपसांत आधीच ठरले असेल, तर बोली मोठ्याने लागूनही भाव आतूनच ठरतो. दुसरी जागा वजनकाट्यापाशी आहे. लिलावात भाव मिळतो, माल खळ्यावर जातो, तिथे 'खालचा माल ओला निघाला', 'बारीक जास्त आहे' म्हणून वांधा काढला जातो. गाडी अर्धी रिकामी झालेली असते, दिवस कलायला लागलेला असतो, आणि शेतकरी क्विंटलमागे काही रुपये सोडून मोकळा होतो. या दुसऱ्या घासाघिशीला कोणी साक्षीदार नसतो. तिसरी जागा पैशांच्या तारखेत आहे. त्याच दिवशी मिळायचे पैसे पुढच्या तारखेच्या धनादेशाने मिळाले, तर तेवढ्या दिवसांचे व्याज भावातून वजा झाले असेच समजायला हवे.

१९८० साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली चाकणला कांद्याचे आणि मग नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याचे आंदोलन उभे राहिले, तेव्हा शेतमालाला उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव हा प्रश्न चव्हाट्यावर आला. निर्यातबंदी, आयात, साठ्यांवरची मर्यादा यांनी माल बाजारात येण्याआधीच भाव पाडता येतो, हे त्या चळवळीने शेतकऱ्यांना समजावले. याचा अर्थ असा की बाजार समितीत रुमाल नसला, तरी भावावर दिल्लीचा हात असू शकतो, आणि तो हात शेतकऱ्याला दिसत नाही.

अलीकडच्या काळात या क्षेत्रात मोठ्या घडामोडी झाल्या. १४ एप्रिल २०१६ रोजी इलेक्ट्रॉनिक राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजे ई-नाम, सुरू झाला. त्यात खरेदीदार संगणकावर बोली लावतो. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मुभा दिली आणि त्यांवरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. २०२० साली केंद्राने तीन कृषी कायदे केले. दीर्घ आंदोलनानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेने ते मागे घेतले. त्या वादात दोन्ही बाजूंनी बाजार समित्यांबद्दल पुष्कळ बोलले गेले. समर्थकांनी समितीतल्या मक्तेदारीवर बोट ठेवले. विरोधकांना भीती होती ती समितीबाहेर होणाऱ्या सौद्याची, ज्याला ना साक्षीदार ना नोंद. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, कारण दोन्हींत काळजी एकच आहे : भाव ठरताना मालक कुठे असेल?

ई-नाममध्येही हाच प्रश्न विचारला पाहिजे. संगणकावरची बोली एका अर्थाने बंद लिफाफ्यासारखी असू शकते. एका खरेदीदाराला दुसऱ्याचा आकडा दिसला नाही, तर संगनमत अवघड होते, हा तिचा गुण. मात्र सर्व बोल्या शेतकऱ्याला स्वतःला पाहता आल्या पाहिजेत, आणि मालाची प्रत आवारातच, त्याच्यासमोर, यंत्राने तपासली गेली पाहिजे. तसे झाले तर ही गुप्तता त्याच्या बाजूची ठरते. तसे न होता आकडे फक्त अडत्याच्या पडद्यावर दिसले, तर ही सुविधा जुन्याच वाटेने जाईल.

बैलबाजार आज

हत्ता जिथे अजून जिवंत आहे, ते जनावरांचे बाजार मात्र झपाट्याने बदलत आहेत. सांगोला, काष्टी येथील आठवडी बाजार, खरसुंडीची यात्रा, माळेगावची खंडोबाची यात्रा, सारंगखेड्याचा घोडेबाजार, जेजुरीचा पौष पौर्णिमेचा गाढवांचा बाजार ही नावे महाराष्ट्राला परिचित आहेत. ट्रॅक्टर आल्यापासून औताच्या बैलाची गरज घटली. २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा विस्तारित कायदा राज्यात लागू झाल्यावर म्हातारा बैल विकत घेणारे गिऱ्हाईकच मिळेनासे झाले, आणि नवा बैल घेताना जुना विकून जी भर पडायची ती थांबली. या कायद्यामागच्या श्रद्धेचा आदर करूनही हे आर्थिक वास्तव सांगावे लागते. ज्याला दुसरे गिऱ्हाईक नाही, त्याच्या हातावर रुमाल टाकला काय आणि न टाकला काय, त्याची घासाघिशीची ताकद संपलेली असते.

घासाघिशीची ताकद येते दोन गोष्टींतून : मोल माहीत असणे आणि 'नाही' म्हणता येणे. बैलाच्या जुन्या सौद्यात दोन्ही बाजूंकडे या दोन्ही गोष्टी होत्या, म्हणून तिथला हत्ता न्याय्य होता. धान्य-कापसाच्या पेठेत शेतकऱ्याकडे दोन्ही नव्हत्या, म्हणून तिथला हत्ता अन्याय्य होता. बोटांची खूण दोन्हीकडे एकच होती. तेव्हा हत्त्याला सरसकट 'गैरप्रथा' म्हणून निकालात काढणे बरोबर नाही, आणि लोककला म्हणून त्याचे गोडवे गाणेही बरोबर नाही. भाव दोघांत गुप्त राहिला तरी चालेल. तो मालाच्या मालकापासून गुप्त राहता कामा नये.

शेवटी शेतकरी वाचकांना आणि ज्यांचे गावाकडे शेत आहे अशा शहरातल्या वाचकांना एक विनंती. माल बाजारात गेला की लिलावाच्या वेळी आपले माणूस वाहनाजवळ उभे ठेवा. लागलेला भाव त्याच क्षणी पावतीवर लिहून घ्या. वजन होईपर्यंत काटा सोडू नका. वांधा निघाला तर तो खळ्यावर मिटवू नका, बाजार समितीच्या कार्यालयात न्या. हिशेबपट्टीतली प्रत्येक कपात विचारा, आणि पैसे त्याच दिवशी मागा. हे सगळे हक्क कायद्याने दिलेले आहेत, आणि ते मिळायला कारंज्याच्या बाजारापासून मोजली तर कित्येक दशके लागली आहेत. ते वापरले नाहीत तर कागदावरच राहतील.

शिवाय जुन्या जाणत्या हेड्यांकडून बोटांची खूण आणि नंदभाषेचे उरलेसुरले शब्द लिहून घेण्याचे काम आपल्या विद्यापीठांनी आता तरी हाती घ्यावे. बाजार ओस पडत चालले आहेत, आणि ही विद्या कागदावर फारशी नाही.